ठमीचा पंख

पहाट नुकती फटफटत होती, तेवढ्यात मागच्या अंगणातल्या खुराड्यात एकच कालवा झाला. सून पुढे, सुतार सासरा मागे, दोघंही अनवाणी धावले. खालची जाळी उचकटून गल्लीतला बोका आत शिरला होता. सुनेनं हाताला आली ती बादली फेकून मारली, बोका भिंतीवरून पसार झाला, आणि ठमी मातीत पडून राहिली. एक पंख लोंबत होता. पाठीवरची पिसं जाऊन कातडी सोलली होती. डोळे मात्र टक्क उघडे.

ठमी म्हणजे बुटकी, तांबूस, महाभांडखोर कोंबडी. चालायची अशी की सगळी गल्ली हिच्याच नावावर आहे. सुताराच्या मुलानं ती पिल्लू असताना खिशात घालून आणली होती. पुढे मुलगा तापानं गेला. घरात सुतार आणि त्याची सून अशी दोघंच उरली, आणि त्यांच्या पायांत लुडबुडणारी ही.

"चिंधी द्या बाबा, लवकर."

सुतारानं बाकावरून सरसाचे डाग पडलेलं फडकं आणलं.

"हे नको, घाण आहे."

ती आत गेली, कपाट उघडलं आणि नवऱ्याचा निळा सदरा घेऊन आली. दातानं कड धरली आणि टर्रकन फाडला. तो आवाज सुताराच्या छातीतून गेला.

"अगं, तो..."

"मऊ आहे," ती म्हणाली. मान वर केली नाही.

कोमट मीठपाण्यानं जखम धुतली, मलम लावलं. पंख हळूच मिटून अंगाशी धरला आणि त्याच्याभोवती निळी पट्टी गुंडाळली. पेटीत रंध्याचा भुसा पसरून ठमीला त्यात ठेवलं. ठमीनं सुनेच्या अंगठ्याला कडकडून चोच मारली.

"जगेल," सुतार म्हणाला. "शिव्या देतेय म्हणजे जगेल."

आदल्याच आठवड्यात पलीकडच्या गावचा बेकरीवाला येऊन सुताराच्या बाकावर अवघडून बसला होता. भला माणूस. त्याचीही बायको गेलेली. सुनेला मागणी घालायला आला होता, पण बराच वेळ नुसतं लाकडाबद्दलच विचारत राहिला. शेवटी सुतारच म्हणाला, "पोरीचं हो असेल तर माझं हो. माझ्यासाठी तिनं अडू नये." बोलताना आवाज कापला नाही याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं होतं.

आणि आता पेटीशी बसून सून म्हणाली, "त्यांना निरोप द्या बाबा. ठमी बरी झाली की जाईन. अशी टाकून कशी जाऊ?"

"घाई कुणाला आहे?" सुतार म्हणाला.

बेकरीवाल्यानंही ऐकलं. उलट निरोपाबरोबर शिळ्या पावांचं गाठोडं पाठवलं, कोंबड्यांसाठी. शेजारची गिरणीवाली काकू कंपाउंडवरून ओरडली, "घ्या! जावई अजून यायचाय आणि कोंबडीचे लाड आधी! काय गं ठमे, लग्न तुझं का हिचं?"

सून इस्त्रीच्या दुकानात कामाला जायची. सकाळी निघताना ठमीचं पाणी बदलायची, पावाचा चुरा भिजवून हातावर धरायची. ठमी आधी तोंड फिरवायची, मग कुणी बघत नाही असं वाटलं की खायची. संध्याकाळी सून तिला मांडीवर घेऊन बसे आणि हलक्या आवाजात काहीतरी जुळवत राही.

*पंख बांधिला चिंधीनं, चिंधी जुन्या सदऱ्याची,*
*ऊब राहिली गं तीत, गेलेल्या खांद्याची.*

सुतार दाराआड बसून ऐके. हातातला पटाशीचा दांडा घासून घासून बारीक होऊन जाई.

पाठीवर खपली धरली. खपलीखाली पिसांचे काटे दिसू लागले. एकदा दुकानात निघताना सून म्हणाली, "बाबा, आज पट्टी सोडून बघा हं. काकू म्हणतात, हाड सांधलं असेल. गरजेपेक्षा जास्त बांधून ठेवायची नाही म्हणे."

दुपारी सुतारानं ठमीला बाकावर घेतलं, पट्टी सोडली. ठमी क्षणभर गप्प उभी राहिली. मग तिनं अंग झाडलं आणि पंख उघडला. वाकडातिकडा, थरथरता, पण उघडला. भुशाची धूळ उडाली. सुतार हसला. "शाब्बास गं भवाने!"

आणि हसता हसताच त्याची नजर घरात गेली. खुंटीवर सुनेची ओढणी, चुलीपाशी दोन ताटं, दोन वाट्या. संध्याकाळी ती येणार, विचारणार, आणि आपण सांगणार: बरी झाली.

लाकडाचा सांधा शिकंज्यातून लवकर काढला तर तोंड उघडतो. आवळून ठेवावा तेवढा पक्का होतो. जन्मभर त्यानं हेच केलं होतं आणि हेच शिकवलं होतं. चार दिवस जास्त राहिल्यानं काय बिघडतंय, असं त्यानं स्वतःला सांगितलं, पंख मिटला आणि पट्टी पुन्हा गुंडाळली. आधीपेक्षा घट्ट.

"अजून कच्चं आहे," संध्याकाळी तो म्हणाला.

"हो का?" सुनेनं लगेच विश्वास ठेवला. त्याला तेच जास्त लागलं.

चाराचे किती झाले, त्यानं मोजलं नाही. तिनं विचारलं की तो म्हणायचा, "हाडाचं काम आहे, खेळ नाही." गाठोडी येत राहिली. मग एका संध्याकाळी बेकरीवाला स्वतः आला. दारातच उभा राहून म्हणाला, "थांबायला माझी ना नाही. फक्त कोंबडी आहे ना अजून, एवढंच बघायला आलो." तो गेल्यावर सून पेटीशी बसली आणि पट्टी सोडू लागली. गाठ सुटेना. नख लावलं, दात लावला. शेवटी कात्री घ्यावी लागली.

पंख अंगाला चिकटल्यासारखा तसाच राहिला. तिनं दोन बोटांनी हलकेच उचलला. थोडा आला आणि अडकला. ठमी किंचाळली.

सुनेनं कापलेली गाठ उचलून तळहातावर घेतली.

"ही गाठ माझी नाही," ती म्हणाली. "मी फासा मारते. ही तुमची आहे, फळ्या बांधायची. त्या दिवशी सोडून बघितलीत आणि पुन्हा अशी आवळलीत."

"हो."

"तेव्हा हलला होता?"

सुतार खाली बसला. गुडघे वाजले. "उघडला होता. सगळा."

अंगणात बाकीच्या कोंबड्या एकेक करून दांडीवर चढत होत्या, जागेवरून एकमेकींना टोचत होत्या.

"बाबा, मला थांब म्हणायचं होतंत."

"म्हटलं असतं तर थांबली असतीस."

"थांबले असते."

"म्हणून तर नाही म्हटलं." त्यानं तळहात चेहऱ्यावरून फिरवला. "तुला बांधायचं नव्हतं गं. म्हणून हिला बांधलं. मुक्या जिवाला."

सून रडली नाही. ठमीचा पंख धरून ती थोडा उघडायची, थोडा मिटायची, पुन्हा थोडा उघडायची. मग म्हणाली, "रोज असं करत राहा. ताणू नका. दुखलं की ती सांगेल."

'राहा' हा शब्द ऐकला आणि ती जाणार हे सुताराला कळलं.

"तू रागावून जाऊ नकोस."

"रागानं गेले असते तर सोपं होतं," ती म्हणाली आणि कापलेली निळी चिंधी गोळा करू लागली.

रविवारी ती गेली. बेकरीवाला गाडी घेऊन आला होता. काकूनं "कोंबडीला विसरू नको गं!" असं ओरडून सगळ्यांना हसवायचा प्रयत्न केला आणि स्वतःच पदराला नाक पुसलं. सून वाकली तेव्हा सुतारानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पाव करपवू नकोस त्याचे," एवढंच म्हणाला.

उन्हं कलली. कोंबड्या दांडीवर चढल्या. ठमी खाली उभी राहून वर बघत होती. तिनं उडी मारली. एकच पंख फडफडला, ती एका अंगावर कलंडली, उठली, अंग झाडलं आणि जणू काही झालंच नाही अशा ऐटीत पुन्हा वर बघू लागली.

सुतारानं तिला उचललं. तिनं त्याच्या मनगटावर जोरात चोच मारली. "मार," तो म्हणाला. "मार गं." त्यानं तिला दांडीवर, भिंतीच्या कडेला ठेवलं. बाकीच्यांनी सरकून जागा दिली नाही, तर तिनं भांडून ती घेतली.

सकाळी तिला खाली उतरवायला पुन्हा यावं लागणार होतं. तो खुराड्याचं दार लावून तिथेच पायरीवर बसून राहिला. घरात दिवा लावायचा राहिला होता.