कोपरा गेलेलं कार्ड

माझी सासू म्हणते, मंदाकिनीचा राग नाकाच्या शेंड्यावर. खोटं नाही. पण त्यातला बारा आणे राग माझा माझ्यावरच असतो, हे तिला कुठं ठाऊक? इंदापुरातल्या या घरात ते कुणालाच ठाऊक नाही. आजवर मी ते दोनच माणसांना सांगितलंय, आणि दोन्ही वेळा उशीर झालेला होता.

चोपन्न सालचा मे महिना. मी बारामतीच्या डॉक्टरांची मुलगी, दहावीची परीक्षा नुकतीच दिलेली. माझ्या वर्गात बावड्याची रतन होती. तिच्या वडिलांची, महिपतीतात्यांची, नीरेच्या पाण्यावर भाजी व्हायची. रतन शिकायला मावशीकडं बारामतीत राहायची. आम्हां दोघींचं गूळपीठ असं की वर्गात एकीला ठसका लागला तर दुसरी पाणी प्यायची.

हिंदी शिकवायला इंदिराबाई होत्या. त्यांच्या डोक्यात एक खूळ होतं. म्हणायच्या, "पोहायचं तर विहिरीत उडी मारा. काठावर बसून हातपाय हलवून काय होणार?" त्यांनी आठ मुली निवडल्या आणि सुट्टीत महिनाभर जबलपूरला नेल्या. दोघीदोघींनी एकेका हिंदी घरात राहायचं, त्यांचंच खायचं, त्यांच्यासारखं बोलायचं, मराठीचा एक शब्द काढायचा नाही. महिन्याच्या शेवटी तिथल्या शाळेत मोठी सभा. त्यात प्रत्येक जोडीनं वाद घालून दाखवायचा. पहिल्या जोडीला बाई स्वतः शिक्षिकेच्या अभ्यासक्रमासाठी शिफारस देणार होत्या.

रतनला ती शिफारस हवी होती. तिकडं बावड्यात तिच्यासाठी दोन स्थळं दबा धरून बसली होती. तिच्या आईनं, बनाबाईनं, सगळ्या भावकीशी भांडून तिला पाठवलं होतं. बारामतीच्या स्टेशनावर त्या आल्या, धपाट्यांचं गाठोडं तिच्या हातात दिलं आणि मला म्हणाल्या, "मंदाताई, माझी पोर तुमच्या वटीत घातली बघा. तिला रडू यिल. येऊ द्या. पण परत फिरू द्यू नका."

मी मोठ्या ऐटीत मान डोलावली होती. सोळा वर्षांच्या पोरीला कुणी असं मोठं केलं की ती फुगतेच.

मला शिफारस नको होती. मला पहिला नंबर हवा होता. बाबांनी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक खोकल्या-पडशाला सांगून ठेवलं होतं, आमची मंदा जबलपूर गाजवून येणार. दौंडपर्यंत छोट्या गाडीत, पुढं दीड दिवस मोठ्या गाडीत, मी तेच घोकत होते.

आम्हां दोघींना दुबे नावाच्या कुटुंबात ठेवलं. घरच्या बाईंना सगळे अम्माजी म्हणत. प्रेमळ बाई, पण नियमाला कडक. पहिले आठ दिवस रतन नुसती मान हलवायची. ताटात काय हवं तेही बोटानं दाखवायची. एकदा न्हाणीघरात तोंडात पदर कोंबून मराठीत रडली. आणि नवव्या दिवशी कुठली तरी गाठ सुटावी तशी बोलायला लागली. शेजारच्या भाजीवालीशी घासाघीस काय, अम्माजींच्या सासूला गोष्टी काय. मी पुस्तकातली हिंदी बोलायची, ही चुलीपुढची बोलायला लागली. आमच्या वादात टाळ्या तिच्या वाक्यांना पडणार हे मला कळत होतं. पण जोडी माझी होती.

सभेला आठ दिवस उरले होते. दुपारी रतन अम्माजींच्या सासूच्या पायांना तेल चोळत होती. मी ओट्यावर वाद पाठ करत होते. पोस्टमननं एक कार्ड माझ्या हातात दिलं. पत्त्याची बाजू वर होती. रतनचं नाव, दुबेंचा पत्ता. आणि कार्डाचा एक कोपरा नव्हता.

आमच्याकडं कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी. असं कार्ड घरात नेत नाहीत. कर्ता पुरुष अंगणात उभ्याउभ्या वाचतो, फाडून टाकतो आणि सरळ आंघोळीला जातो. लहानपणी मी असल्या एका कार्डाला हात लावला तर आत्यानं अंगावरच्या फ्रॉकसकट मला घंगाळात बसवलं होतं.

मी कार्ड दोन बोटांच्या चिमटीत लांब धरलं. पण डोकं, कसं सांगू, डोकं लख्ख चाललं. रतनची आजी ऐंशीची, सारजाआजी. निघताना ती अंथरुणाला खिळलेली होती, माझं काय आज आहे उद्या नाही असं सारखं म्हणायची. म्हटलं, म्हातारी गेली. झालं ते झालं. आता रतनला सांगितलं तर ती रडत निघणार, तीन दिवसांनी पोचणार, आणि तिथं काय, दहावं सुद्धा उरकत आलेलं असणार. इकडं शिफारस गेली, स्थळं आली, बनाबाईंचं भांडण पाण्यात गेलं. आठ दिवस थांबायचं. सभा झाली की मी जवळ बसवून सांगेन.

किती शहाणपणाचं वाटतं ना ऐकायला? मलाही वाटलं. फक्त त्या हिशेबात माझा पहिला नंबर कुठंच आला नव्हता, आणि तो तर सगळ्यांत वर होता.

मी कार्ड उलटून वाचलं नाही. दुसऱ्याचं पत्र वाचू नये म्हणून नाही हं. वाचलं असतं तर सांगावं लागलं असतं. मी ते न वाचताच फाडलं, बारीक बारीक तुकडे केले, गल्लीतल्या गटारात टाकले आणि विहिरीवर जाऊन आंघोळ केली. अम्माजींनी विचारलं, दुपारची कसली आंघोळ? मी शुद्ध हिंदीत सांगितलं, फार उकडतंय.

आम्ही पहिल्या आलो. रतननं स्टेजवर माझा हात धरला तेव्हा तिचा तळवा घामानं ओला होता आणि ती हसत होती. त्या रात्री सांगायचं ठरवलं होतं. ती इतकी खुशीत होती की म्हटलं, गाडीत सांगू. गाडीत बाकीच्या मुली होत्या. म्हटलं, दौंडला सांगू. दौंडला छोटी गाडी सुटायच्या बेतात होती. खोट्या कारणाला एकदा पाय फुटले की ते थांबत नाही.

बारामतीला रतनला घ्यायला कुणी आलं नव्हतं, मावशीसुद्धा. बाबांना म्हटलं, मी तिला बावड्यापर्यंत पोचवून येते. वाटेत तरी तोंड उघडेन, ही आशा. इंदापूरपर्यंत एसटीत ती मला सांगत होती की आईला अम्माजींसारखी कढी करून घालणार. पुढं बावड्याची बैलगाडी मिळाली. मी तोंड उघडलं नाही.

घराच्या उंबऱ्यात सारजाआजी बसली होती.

धडधाकट. काठी मांडीवर आडवी घेऊन. मला आधी काही कळेचना. मग तिनं रतनला पाहिलं आणि कपाळ बडवायला सुरुवात केली. "आता आलीस व्हय गं? तुजी आय तुजं नाव घेत घेत गेली."

बनाबाईंना विषमज्वर झाला होता. आम्ही पोचायच्या चार दिवस आधी त्या गेल्या होत्या. म्हणजे आमच्या सभेच्या दुसऱ्या दिवशी. मी बोटं मोजली नाहीत तरी हिशेब आपोआप झाला. कार्ड आलं त्या दिवशी रतन निघाली असती तर तिला आईचे सहा दिवस मिळाले असते.

महिपतीतात्या ओसरीवरनं उठले. अंगात त्राण नव्हतं माणसाच्या. म्हणाले, "रतने, कार्ड मिळालं न्हाय व्हय गं?"

"कसलं कार्ड?" रतन म्हणाली.

"मास्तरांकडनं लिवलं हुतं. आयला लई ताप हाय, तुजी वाट बघतीया, पत्र बघताच निघून ये म्हून. मी ते वसरीवर ठेवून पाणी प्यायला आत गेलो, तर तेवढ्यात शेळीनं कोपरा खाल्ला. मास्तर म्हणलं, तात्या, दुसरं कार्ड घ्या, ह्ये अशुभ दिसतंय. पर टपालवाला निगाला हुता. म्हणलं, अक्षर तर शाबूत हाय, जाऊ द्या." ते खाली बसले. "कुणीतरी वाचायच्या आदीच फाडून टाकलं आसंल. कोण घरात घील तसलं कार्ड? माझीच अक्कल गेली."

मी तिथं उभी होते, दोन हातांच्या अंतरावर. बोलायला एवढीशी जागा लागते, तेवढी जागा होती. मी नाही बोलले.

रतननं बापाकडं पाहिलं. "दुसरं कार्ड घेता आलं न्हाय तुमाला?" एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून तिनं त्यांना तात्या म्हणणं सोडलं. त्यांच्याशी कामापुरतं बोलायची.

पुढं बाईंच्या शिफारशीनं तिचं शिक्षण झालं आणि ती इंदापूरच्या शाळेत हिंदी शिकवायला लागली. माझं लग्न ठरलं तेही इंदापूरचंच. लग्नाच्या आदल्या दिवशी महिपतीतात्या बारामतीला आले, दोन पाट्या वांगी घेऊन. पंगतीला आमची वांगी पाहिजेत, म्हणाले. मी हळदीच्या अंगानं परसात गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. पायावर डोकं ठेवलं. म्हटलं, "उद्या रतन लग्नाला येईल तेव्हा तिला सांगते. तुमच्यावरचं बालंट जाऊ दे."

ते बराच वेळ पाटीतली वांगी सारखी करत राहिले. मला वाटलं, थोबाडीत मारतील. मारली असती तर बरं झालं असतं.

"न्हाय," ते म्हणाले. "तिला सांगू नगा."

"का?"

"तिला आय न्हाय. तुमी एकच मैतरीण हाय. मी बाप हाय, माझ्यावरचा राग ती गिळंल, आज ना उद्या. तुमच्यावरचा न्हाय गिळायची ती. मग तिनं कुणाकडं बघायचं?" मग डोळे पुसून म्हणाले, "आन् शेळी तर माझीच हुती."

मी ऐकलं त्यांचं. थोरांचा शब्द म्हणून ऐकलं असं सांगायला मला फार आवडेल. खरं तर मला ते सोयीचं पडलं.

त्यानंतर दोन वर्षं. दर बाजारी तात्या भाजी विकून रतनच्या खोलीच्या पायरीवर यायचे. ती त्यांना चहा द्यायची, त्यांच्याकडं न बघता. मीही असायचे तिथं, मला तिच्याशी गप्पा मारायच्या असायच्या. तात्या कप घेऊन मला विचारायचे, "मंदाताई, बरं हाय न्हवं?" आणि मी म्हणायची, हो, बरं आहे. माझ्याकडं बघून ते एकदाही सुस्कारले नाहीत. आज गिळंल, उद्या गिळंल, असं तेही म्हणत राहिले असतील आणि मीही.

गेल्या महिन्यात पोस्टमननं मला कार्ड दिलं. कोपरा फाडलेला. अक्षर रतनचं. या वेळी मी अंगणात उभी राहून सगळं वाचलं. "परवा पहाटे गेले. छातीत कळ आली. मी सुट्टीवर इथंच होते. पाणी मी पाजलं. माझ्या तोंडाकडं बघत होते. मला तात्या म्हणता आलं नाही. मंदे, ये."

ते कार्ड मी फाडलं नाही. पिशवीत ठेवलं आणि बावड्याची एसटी धरली.

रतननं मला ओसरीवर बसवलं, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. मी पाण्याला हात लावला नाही. बोलायला लागले आणि थांबले नाही. ओट्यावरचं कार्ड, गटार, विहीर, माझा पहिला नंबर, सगळं. रडले नाही. रडायचा मान माझा नव्हता. ती भिंतीला टेकून ऐकत होती. मला वाटलं, आईबद्दल विचारेल.

तिनं विचारलं, "त्यांना ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"माझ्या लग्नापासून. मी तुला सांगायला निघाले होते. त्यांनीच अडवलं. म्हणाले, तिला तुमी एकच..."

"दोन वर्षं," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, वर्गात हजेरी घेताना असतो तसा. "दर बाजारी ते पायरीवर बसायचे. मी त्यांच्याकडं बघायची नाही. तू माझ्या शेजारी बसलेली असायचीस."

"असायचे."

"आणि ते तुलाच विचारायचे, बरं हाय न्हवं."

तिनं माझ्यापुढचा तांब्या उचलला, भरलेला तसाच, आणि आत गेली. बराच वेळ झाला तरी बाहेर आली नाही. उंबऱ्यात सारजाआजी बसली होती, तिला हल्ली ऐकू येत नाही. मला उठलेली बघून म्हणाली, "निगालीस व्हय? पाणी पिलीस का?"

मी हो म्हटलं आणि निघाले.