कलाबाईंची तक्रारवही

नागपूरच्या कंपनीचे पत्र मंगळवारी सकाळी आले. नाजियाने ते दोनदा वाचले. ब्रह्मपुरीच्या केबल इंटरनेटवरल्या एका संगणकातून परदेशात हजारोंनी जाहिरातीच्या ईमेल जात आहेत, केलेल्या तक्रारींना उत्तर नाही. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत तो संगणक शोधून थांबवा, नाहीतर तुमची लाइन बंद करू.

लाइन बंद म्हणजे गावातली साठ कनेक्शने बंद. बी.एस्सी. झाल्यावर मामूंच्या केबलच्या दुकानात इंटरनेट आणायचे खूळ नाजियाचेच. ‘हे चाललं नाही तर बी.एड.ला जाईन’ असे तिने अम्मीला कबूल केले होते, आणि अम्मीने फॉर्म आणून कपाटात ठेवलाही होता.

बाबूभाई मामू घरी उर्दूत बोलत, दुकानात मात्र गावासारखे. पत्र ऐकून ते म्हणाले, “तक्रारी आल्या? मले तं एक नाई आली.”

“नोंदीत कोणाचा नंबर दिलता मामू?”

इंटरनेटवर प्रत्येक कनेक्शनला आकड्यांचा एक पत्ता लागतो. नागपूरच्या कंपनीने बाबूभाईंना असे पत्ते दिले होते आणि ते जगभर कोणालाही पाहता येईल अशा नोंदवहीत लिहिले होते: पत्ते कोणाचे, आणि त्यांवरून काही गैर घडले तर तक्रार कुठे करायची. ती माहिती मामूंनी फोनवरून सांगितली होती. नाजियाने नोंद उघडली. त्यातला ईमेल मामूंनी कधीच न वापरल्यामुळे बंद पडलेला. फोन नंबर मात्र तिला पाठ होता. समोरच्या गल्लीतल्या कलाबाईंचा.

“मंग?” मामू म्हणाले. “तक्रारीचा नंबर विचारला त्यानं. मी तक्रारीचाच देईन ना.”

त्यांचे चूक नव्हते. टीव्हीची केबल टाकल्यापासून बारा वर्षे गावाच्या तक्रारी कलाबाईच घेत. आधी मामू स्वतः घ्यायचे, तर फोनवरच भांडण होऊन गिऱ्हाईक तुटायचे. कलाबाई दिवसभर शिलाई मशीनवर बसत. फोन आला की वहीत वेळ, बॉक्सचा नंबर आणि तक्रार लिहीत आणि म्हणत, “माणूस येऊन राह्यला भाऊ. तोवर जेवून घ्या.” माणूस दोन दिवसांनी गेला तरी गिऱ्हाईक शांत असे.

नाजिया गल्ली ओलांडून गेली.

“कलाबाई, इंग्रजीत कोणाचा फोन आलता का?”

“आलता ना. तीनदा. मोठा शांत माणूस आहे.”

“आन् तुम्ही सांगितलं नाई?”

“तुमचा लाइनमन इतवारी रोज वही पाहून जाते. त्याले दाखवलं. तो म्हणते, बाई, हा आपल्या एरियातला नाई.”

नाजियाने वही घेतली. फेब्रुवारीच्या नऊ तारखेसमोर लिहिले होते: ‘पावणेपाच. इंग्रजी भाऊ, नाव डेव्हिड, गाव सिडनी. शेवटचा आकडा ७७. टाइम टेन ट्वेल्व्ह. सांगितले, मॅन कमिंग.’ खाली अशाच आणखी दोन नोंदी.

“समजलं नाई तं लिवलं कसं?”

“समजाचं काम तुमचं, लिवाचं माह्यं. बॉक्सचे नंबर लिवून लिवून आकडे येते मले. ‘स्लो’ म्हटलं तं हळू सांगे बिचारा.”

नाजियाला हायसे वाटले. नागपूरच्या पत्रात पत्ता होता, पण वेळ नव्हती. आणि वेळेशिवाय पत्ता कुचकामी होता, कारण ज्याचा संगणक सुरू होई त्याला मोकळा असेल तो पत्ता मिळे. सकाळी ७७ एकाच्या घरी, दुपारी दुसऱ्याच्या. नागपूरला फोन केला तर तक्रारी पाहणारे साहेब सोमवारपर्यंत रजेवर. कलाबाईंच्या वहीत मात्र वेळ होती.

तिने दुकानातल्या मोठ्या संगणकावरची नोंद काढली. नऊ तारखेला सकाळी दहा बाराला ७७ वामनरावांकडे होता. ते निवृत्त हेडमास्तर. बाकी दोन वेळांना वेगळीच दोन घरे निघाली, हे तिला खटकले. पण सुरुवात कुठून तरी करायची होती.

वामनरावांच्या संगणकावर क्रोशाचे झाकण होते. ते म्हणाले, “माह्या घरून जाहिराती? बाई, मी तं लग्नपत्रिकाही पोस्टानं पाठवतो.”

तिने बुधवारची अख्खी दुपार तो संगणक तपासला. काही निघाले नाही. मास्तरांनी पोहे खाऊ घातले आणि त्यांचा जुना विद्यार्थी असलेल्या इतवारीच्या शुद्धलेखनाची चौकशी केली. गुरुवारी सकाळी उरलेली दोन घरे झाली. तिथेही काही नाही.

परत येताना कलाबाईंनी दारातूनच विचारले, “सापडला?”

“नाई. तुमच्या वहीत वेळ चुकली असेल.”

कलाबाईंनी मशीन थांबवली. “बारा वर्षांत माह्या वहीत वेळ चुकली नाई. तोच दहा बारा म्हणे. माह्या घड्याळात पावणेपाच. मी त्याले म्हटलंही, भाऊ, तुमची घड्याळ बिघडली.”

नाजिया उंबऱ्यातच बसली. वही मांडीवर घेऊन तिने तिन्ही नोंदींतल्या दोन्ही वेळा शेजारी शेजारी लिहिल्या. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच: साडेपाच तासांना दोन-तीन मिनिटे कमी. त्याचे दहा बारा हे सकाळचे नव्हते, रात्रीचे होते, ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचे. जाहिरातीची ईमेल हातात पडताच त्याने दोन-तीन मिनिटांत फोन लावला होता. म्हणजे इथले चार बेचाळीस. एवढी साधी वजाबाकी तिला दोन दिवस सुचली नव्हती.

“घड्याळ त्याचीही बरोबर आहे कलाबाई. तिकडं तवा रात्र असते.”

“अन् रात्री जागून आपल्यासाठी फोन करते तो?” कलाबाईंना वाईट वाटले. “मी तं त्याले जेवाचंही विचारलं नाई.”

नव्या वेळा घालून पाहिल्यावर तिन्ही वेळा एकच ठिकाण निघाले: गुणवंतरावांचा फोटो स्टुडिओ.

“कम्प्युटर बंद करू नोको बाई,” गुणवंतराव आडवेच आले. “लग्नाचे अकरा अल्बम पडून आहे. नवरदेवाची मावशी सकाळपासून दोनदा येऊन गेली.”

“चालू ठेवा ना भाऊ. मी फक्त ही वायर काढते.”

वायर निघाली आणि इंटरनेटच्या डब्यावरचा लुकलुकणारा दिवा थांबला.

“हा लाइट पंधरा दिवसांपासून नाचून राह्यला,” गुणवंतराव म्हणाले. “मी समजलो, तुमची स्पीड वाढली.”

फोटोला फुलांच्या चौकटी लावणारा एक फुकटचा प्रोग्राम त्यांनी उतरवला होता. जाहिराती पाठवणारा पाहुणा त्याच्याच पोटातून आला होता. संगणक साफ व्हायला शुक्रवारचे साडेदहा वाजले. नाजियाने नागपूरला, पत्रावर सही असलेल्या अधिकाऱ्याला, सगळे वेळेसकट लिहून कळवले. बाराला दहा कमी असताना उत्तर आले: लाइन चालू राहील, नोंदवहीतला संपर्क मात्र आजच दुरुस्त करा. वाचला जाणारा ईमेल द्या आणि उचलला जाणारा फोन.

“आता माहा नंबर टाक,” मामू म्हणाले, आणि तेवढ्यात मोबाइलवर टीव्ही बंद पडलेल्या गिऱ्हाइकाचा फोन आला म्हणून बाहेर गेले. बाहेरून आवाज आला, “वादळ मी पाठवलं का? वादळाले विचारा.”

नाजियाने ईमेल स्वतःचा टाकला. फोन होता तोच ठेवला, आणि नावाच्या रकान्यासाठी कलाबाईंना विचारून आली.

“जगात कोणीही पाहीन माह्यं नाव?”

“कोणीही.”

“मंग पूर्ण लिव. कला सोमाजी सहारे.”

पुढच्या आठवड्यात नाजिया नव्या वहीला रेघा आखून देत असताना कलाबाईंचा फोन वाजला. पलीकडे डेव्हिड. ईमेल थांबल्या, आभार मानायचे होते. नाजियाने रिसीव्हरसाठी हात पुढे केला, पण कलाबाईंनी तो दिला नाही. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि बोटांवर साडेपाच तास मोजले.

“भाऊ, यू ईट?” त्यांनी विचारले.

उत्तर नीट ऐकून घेतले, फोन ठेवला आणि वहीत लिहिले: ‘पाच वाजता. इंग्रजी भाऊ. तक्रार नाही. जेवले आहेत.’