आधी शब्द, मग घोट

मित्रांनो, गालीलच्या डोंगरातल्या एका घरात, फडताळाच्या अगदी वरच्या फळीवर, विजेच्या किटलीमागे अंग चोरून बसलेली लांब चोचीची पितळी कॉफीदाणी दिसते ना, ती मी. धुळीमुळे हल्लीची मुलं मला फुलदाणी समजतात. समजू देत बापडी.

माझा जन्म नासरेथच्या बाजारात झाला. हन्ना नावाचा तांबट होता. बेसूर गाणी म्हणत त्यानं मला ठोकून ठोकून घडवलं. लागलं खूप, पण आकार आला. माझी चोच त्यानं मुद्दाम लांब ठेवली. म्हणायचा, "चोच लांब असली की ओतणाऱ्याला वाकावं लागतं. वाकलेल्या माणसाला उर्मटपणा जमत नाही."

मला विकत घेतलं ते या घरच्या आजोबांनी. त्यांच्या दिवाणखान्यात गावचे तंटे मिटत. आमच्याकडे एक रीत आहे. मागणं घेऊन आलेला माणूस कॉफी लगेच पीत नाही. प्याला पुढ्यात ठेवून बसतो. यजमान म्हणतो, "प्या, तुमचं काम झालं," तेव्हाच तो प्याला ओठाला लावतो. आधी शब्द, मग घोट. एकदा दोन भावांच्या विहिरीच्या भांडणात प्याल्यात माशी पडली, पोहली आणि उडूनही गेली. पण कोणी घोट घेतला नाही. शेवटी विहिरीचं ठरलं, आणि तीच कॉफी दोघं भाऊ मिटक्या मारत प्यायले! त्या काळी माझा काय रुबाब होता! आठवड्यातून एकदा राखेनं घासून मला उन्हात ठेवत. वेलदोड्याचा वास तर माझ्या अंगातून कधी गेलाच नाही.

मग आजोबा गेले. घरात किटली आली. बटण दाबलं की पाणी उकळतं. चमचाभर पूड टाकली की झाली कॉफी. मी वर गेले. रागावले नाही मी, पण खाली हसण्याचा आवाज आला की वाटायचं, कोणीतरी हात वर करावा.

तो हात एका वाईट कारणानं वर आला.

आमच्या अरबांच्या गावाला लागूनच ज्यू लोकांची वस्ती आहे. आमची जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, झाडं त्यांच्या द्राक्षमळ्यांच्या पलीकडे, आणि तिकडे जाणारा रस्ता एकच. त्या रस्त्याच्या वळणावर फाबियान नावाच्या मळेवाल्याच्या गाडीनं आमच्या नुहाला उडवलं. नुहा या घरची धाकटी लेक. तिच्या मांडीचं हाड मोडलं. ती पुन्हा पळेल का, ते डॉक्टर सांगेनात.

गावात कोणी म्हणालं, मुद्दाम उडवली. वस्तीवरच्या गाड्यांवर दगड पडले. तिकडून निरोप आला की रस्त्यावर फाटक बसवणार. जैतुनाची तोडणी तर तोंडावर आलेली! नुहाचा काका तौफीक डोक्यात राख घालून फिरत होता. "त्याच्या मळ्यात काडी नाही टाकली तर नाव बदलीन," म्हणायचा. नुहाचा बाप अबू कायस, म्हणजे थोरल्या कायसचा बाप, त्याला बाहेर जाऊ देत नव्हता. पण किती दिवस धरून ठेवणार? काडी पडली असती तर तौफीक तुरुंगात गेला असता, फाटक कायमचं बसलं असतं, आणि दोन्हीकडच्या पोरांना एकमेकांचं भय जन्मभर पुरलं असतं.

शेवटी शेजारच्या गावचे वडीलधारे अबू सलामा मध्ये पडले. फाबियानला घेऊन समेटासाठी येतो, असं त्यांनी कळवलं. तेव्हा नुहाच्या आईनं, उम्म कायसनं, स्टुलावर चढून मला खाली काढलं. मला घासताना ती रडत होती. आसवं आणि राख एकत्र झाली की पितळ फार छान उजळतं, मित्रांनो. मला मात्र तसं उजळायचं नव्हतं.

दिवाणखाना भरला. फाबियान अर्जेंटिनातून आलेला, उंच, खांदे पाडून बसलेला. अबू कायसनं माझ्या चोचीतून पहिला प्याला अबू सलामांना भरला. त्यांनी तो पुढ्यात ठेवला. दुसरा फाबियानला दिला.

आणि फाबियाननं तो एका दमात रिकामा केला!

कडू, बिनसाखरेची कॉफी. त्याच्या तोंडाचा आंबट चंबू झाला. त्याला वस्तीवर कोणीतरी सांगितलं होतं, अरबांच्या घरी कॉफीला नाही म्हणू नकोस, अपमान होतो. बिचारा तेवढंच पाठ करून आला होता.

"बघितलंत?" तौफीक ताडकन उठला. "माफी खिशात घालूनच आलाय साहेब! मागायचीसुद्धा गरज नाही!"

"बस खाली तौफीक. चुकलं असेल त्याचं," अबू सलामा म्हणाले.

"चुकलं! गाडी चालवतानाही चुकलं, कॉफी पितानाही चुकलं. याचं बरोबर काय येतं?"

अबू कायस दाढी कुरवाळत हळूच म्हणाला, "या घरची कॉफी त्याच्या पोटात गेली. आता त्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं तर आमच्या बापजाद्यांची लाज जाईल. तेव्हा..."

"तेव्हा काय?" दारातून उम्म कायसचा आवाज आला. अशा बैठकीत बायका बोलत नाहीत. ती बोलली. "त्यानं घोट घेतला म्हणून माझ्या पोरीचं हाड जुळलं? ही कुठली रीत हो, अबू कायस? लाज तुमची, आणि पाय माझ्या लेकीचा?"

अबू सलामांनी फाबियानच्या कानाशी लागून त्याला त्याच्या भाषेत रीत समजावली. फाबियाननं रिकामा प्याला माझ्यापुढे सरकवला.

"परत भरा," तो तोडक्या अरबीत म्हणाला. "मी थांबतो. तुम्ही सांगाल तोपर्यंत."

अबू कायसनं मला उचलून प्याला भरला. फाबियान प्याल्याकडे बघत बसला. वाफ निघाली, विरळ झाली, संपली. लोक खाकरले, कुजबुजले. पुरुषांनी काय काय समजावलं, पण उम्म कायस दारातून हलेना. शेवटी तिनंच विचारलं, "त्या दिवशी तू उतरलास का गाडीतून?"

"उतरलो."

"मग?"

"ती म्हणत होती, माझी चप्पल, माझी चप्पल. मी चप्पल शोधली. मला वाटलं, चप्पल दिली की ती रडायची थांबेल. नाही थांबली. माझी मुलगीपण तेवढीच आहे. त्या वळणावर मी आता गाडी नेत नाही. उतरतो, ढकलतो."

"गाडी ढकलतोस?" अबू सलामांनी न राहवून विचारलं.

"वळण संपेपर्यंत."

तेवढ्यात आतल्या खोलीतून नुहा ओरडली, "आई, त्याला विचार ना, एक चप्पल मिळाली, दुसरी कुठंय?"

हसावं की रडावं, कोणालाच कळेना. तौफीकनं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते, ते कशानं, ते मला दिसलं नाही.

उम्म कायस पुढे आली. तिनं फाबियानच्या पुढ्यातला प्याला उचलला. मला वाटलं, संपलं सगळं. तिनं गार कॉफी दारातल्या मातीत ओतली, मला हाती घेतलं, निखाऱ्यावर धरलं, आणि पुन्हा वाकून प्याला भरला. गरमागरम.

"पाहुण्याला गार कॉफी देत नाहीत आमच्यात," ती म्हणाली. "घे. पी."

फाबियान प्यायला तेव्हा त्याचे दात प्याल्यावर वाजत होते. मग अबू सलामा प्यायले, मग सगळे. तौफीक प्यायला नाही. पण समेट झाला की आमच्यात सगळे मिळून एका पांढऱ्या कापडाला गाठी मारतात; ती वेळ आली, तेव्हा त्यानं एक गाठ मारली.

"ढिली आहे रे," अबू सलामा म्हणाले.

"सध्या एवढीच जमतेय, काका," तौफीक म्हणाला.

"राहू दे तशीच. ढिली असली तरी गाठच आहे."

तोडणीच्या दिवसांत फाटकाचे खांब रस्त्याकडेला आडवे पडून होते. त्यांवर बसून आमच्या बायका डबे खात. नुहा आता चालते. थंडीत जरा लंगडते.

मित्रांनो, देशादेशांची भांडणं माझ्या पोटात मावत नाहीत, हे मला ठाऊक आहे. या डोंगरापलीकडे किती दिवाणखाने रिकामे पडले असतील, किती प्याले गार झाले असतील, विचार करवत नाही. मी आता पुन्हा फळीवर आहे. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: मला अधूनमधून पुसत जा, पण घासून घासून शोभेची वस्तू करू नका. आणि तुमच्याकडे कधी समेटाची बैठक बसली, तर ज्याला लागलंय त्याच्या आईला दारात उभं ठेवू नका. आत बोलवा. तिला बसायला जागा द्या.