जिभेखाली

...अजून कोपरा शिल्लक होता. जिभेखाली, दातांच्या मुळाशी, गोळीचा एवढासा खरखरीत कोपरा — धड कडूही नाही, संत्र्याचा वास लावलेलं कडू — आणि तो विरघळेपर्यंत गिळायचं नाही, बोलायचं नाही. नेमकी हीच वेळ साधून पाहणीवाली मुलगी खुर्ची ओढून समोर बसली होती. तिचंही बरोबरच म्हणा. गोळी विरघळली की इथला माणूस बाकावर टिकत नाही, तेव्हा ज्यांचं तोंड बंद आहे त्यांनाच मत विचारायचं, हा हिशेब चोख होता.

"काका, नुसती मान हलवली तरी चालेल. उपचारांबद्दल समाधानी आहात?"

लिफ्टदुरुस्तीत हयात गेलेल्या माणसाला एवढं कळतं की वर आणि खाली अशी दोनच बटणं ठेवली, तर मध्येच अडकलेल्यानं काय दाबायचं हे कुणी ठरवलेलं नसतं. समाधानी... पाठ धरली तेव्हा गोळ्या दिल्या त्या डॉक्टरनं, त्या सुटेनात म्हणून त्यांच्या बदली ही गोळी दिली तीही डॉक्टरनं. पण झोप लागते, पान्हा धरताना हात कापत नाही, बायको कपाटाची किल्ली पुन्हा खुंटीवर ठेवायला लागली आहे — हे जमेला. आणि रोज सकाळी शाळकरी पोरासारखी जीभ वर करायची, गोळी लपवली नाही ना बघायला सिस्टरनं टॉर्च मारून "लिफ्टवाले, तळघर दाखवा" म्हणायचं, मागच्या रांगेनं हसायचं — हे कुठं मांडायचं? परगावी नव्या इमारतीत लिफ्ट बसवायचं काम आलं होतं. सोमवारी येतोस की दुसऱ्याला पाठवू, साहेबांनी विचारलं होतं. आणि इथं, गोळ्या घरी द्या म्हटलं की "बघू हं" — जसं काही तो उसनी साखर मागत होता.

"गप्प म्हणजे हो समजू?" मुलीनं हातातल्या टॅबच्या पडद्यावर बोट टेकवलंसुद्धा.

"म्ं... अं हं—" लाळ हनुवटीवर आली. रुमाल सापडेपर्यंत ती पुढच्या प्रश्नावर: कर्मचारी आदरानं वागतात का?

"लिफ्टवाले," गोळ्यांच्या खिडकीतून सिस्टर ओरडली, "डॉक्टरांनी सही केली हो. आठवड्याच्या गोळ्या घेऊन जा, पुढच्या तिकडच्या दवाखान्यात मिळतील. उद्यापासून माझं तोंड बघायला नको. आता तरी हसा."

त्यानं डबी घेतली. वरच्या खिशात ठेवली, मग पॅंटच्या, मग परत हातात. एवढीशी, हलकी... परगावच्या खोलीत ही उशाशी असणार. मंगळवारच्या गोळीला सोमवारीच हात गेला तर तिथं बायको नाही, रांग नाही, टॉर्च नाही. फक्त मी. आणि मला मी चांगला ओळखतो.

"काका, आता बोलता येईल ना?" मुलगी मागून आली. "काही तक्रार असेल तर सांगा, तुमच्याच शब्दांत."

कोपरा विरघळला होता. रोज येताना घोकलेलं सगळं, विशेषतः त्या टॉर्चबद्दलचं, त्यानं आत चाचपून पाहिलं... सापडेना. वैताग मात्र होता तसाच. कुणावर काढायचा, तेवढं कळेना.

खिडकीत सिस्टर पुढच्या माणसाच्या तोंडात वाकून बघत होती. तो त्या माणसाच्या शेजारी जाऊन उभा राहिला, डबी मुठीत धरून, आणि कुणी सांगितलं नसताना त्यानं तोंड उघडून जीभ वर केली — तिची मान त्याच्याकडे वळेपर्यंत.