एकच मोजा

आपल्याला संशय आला की तो खराच निघतो, याचा ऑलिंडा डिकुन्याला भारी अभिमान होता. आणि का नसावा? बहरीनला गेलेल्या नवऱ्याने पत्रातून कोलंबीचं लोणचं मागणं बंद केलं, तेव्हाच तिने ओळखलं की तिकडे याला कोणीतरी रांधून घालतंय. सासूने वेड्यात काढलं, पाद्रीने प्रार्थना करायला सांगितली. सहा महिन्यांनी खबर आली, एक नर्स होती. तेव्हापासून ऑलिंडा स्वतःच्या नाकावर जेवढा भरवसा ठेवायची तेवढा बायबलवरही ठेवत नसेल, देव तिला क्षमा करो.

अशा या बाईच्या हातात भर दुपारी, सिनेमाच्या भर सेटवर, लाहिरीदांच्या कोटाच्या खिशातून बायकांचा काळा रेशमी मोजा आला.

लाहिरीदा म्हणजे कॅमेरामन नीरद लाहिरी. शिडीवर चढून दिव्यांशी झटापट चालली होती त्यांची. वरूनच म्हणाले, "ऑलिंडा, खुर्चीवरच्या कोटात माझा चष्मा आहे, तेवढा द्या ना." हिने खिशात हात घातला तर गार, मऊ काहीतरी लागलं. ओढून पाहिलं तर मांडीपर्यंत येणारा विलायती मोजा, झिरझिरीत. आणि एकच! जोडीतला दुसरा कुठेच नाही. तिने तो होता तसा कोंबला, दुसऱ्या खिशातला चष्मा काढून वर दिला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "जेजू मारिया, हा माणूसही त्यातलाच!"

आता यात तिचं काय जात होतं? तिचं काहीच नाही, पण बेबीजींचं सगळं जात होतं.

बेबीजी म्हणजे अलकनंदा, गेली पंधरा वर्षं हिंदी सिनेमाची पहिल्या नंबरची नटी. सहाव्या वर्षी 'बेबी अलकनंदा' म्हणून पडद्यावर आली आणि बेबी हे नाव जे चिकटलं ते चिकटलंच. मासिकांत तिचं वय एकतीस छापत, तिची अम्मी एकोणतीस सांगे, आणि खरं म्हणाल तर चाळिशी गेल्या श्रावणात झाली होती. तरी निर्मात्यापासून दिवेवाल्यापर्यंत सगळे 'बेबीजी, बेबीजी' करत मागे फिरत. दोन थोरले भाऊ आणि अम्मी तिच्या जिवावर बसून खायचे, आणि ही गोळी घेतल्याशिवाय झोपायची नाही, दुसरी घेतल्याशिवाय उठायची नाही. दोनदा तिला इस्पितळात न्यावं लागलं होतं. वर्तमानपत्रांत 'थकवा' असं आलं. कसला थकवा होता ते ऑलिंडाला ठाऊक होतं, कारण दोन्ही वेळा दार तिनेच फोडून घेतलं होतं.

त्या बाईच्या आयुष्यात एकच माणूस धड होता, तो हा लाहिरी. नऊ वर्षं दोघांचं होतं. हे चित्र संपलं की डिसेंबरात कचेरीत जाऊन सही करून लग्न, मग सिनेमा बंद, कलिम्पाँगला घर. अम्मीला पत्ता नाही, भावांना नाही. त्या दोघांखेरीज फक्त ऑलिंडाला माहीत. ती रोज सकाळी बेबीचे केस विंचरताना मनातल्या मनात दिवस मोजत होती. म्हणूनच तो मोजा तिला असा झोंबला.

नाकाला एकदा वास लागला की ऑलिंडा स्वस्थ बसणारी नव्हे. पहिला संशय अर्थातच पम्मीवर. पम्मी या चित्रातली धाकटी बहीण, एकोणीस वर्षांची, दिल्लीच्या कॉन्व्हेंटातली, गुडघ्यावर फ्रॉक घालून फिरणारी. कानामागून आली आणि तिखट झाली! तिचा शॉट असला की लाहिरीदा दहा मिनिटांत दिवे लावून मोकळे, वर हसणं-खिदळणं. बेबीजींचा क्लोजअप आला की मात्र कपाळाला आठ्या. सगळ्यांना लांब पिटाळायचं, अगदी मदतनिसांनाही. मग काळ्या फडक्याखाली डोकं घालून एकट्याने लेन्स बसवायची. तास तास लागे. पूर्वी ऑलिंडाला ते कौतुकाचं वाटे. आता वाटलं, ज्याच्यावर जीव असतो त्याच्यापुढे माणूस हसतो, आणि जिथे नुसतं काम उरतं तिथे आठ्या पडतात.

दुसऱ्या दिवशी ती कुलाब्याला गेली. तिथल्या विलायती कपड्यांच्या दुकानात तिची मावसबहीण ग्रेसी होती.

"लाहिरी? तो उंच बंगाली ना? येतो की!" ग्रेसी म्हणाली. "दर दोन महिन्यांनी. काळी जोडी. सगळ्यात पातळ दाखव म्हणतो. हातावर ताणून उजेडात धरून बघतो, येडा."

"माप कुठलं घेतो?"

"माप तर विचारतच नाही कधी. देशील ते दे म्हणतो."

आता खरं तर इथेच थांबून विचार करायचा. कुठला पुरुष बाईला मोजे नेताना माप विचारत नाही? पण संशय डोक्यात बसला की डोळ्यापुढचा डोंगर दिसत नाही आणि सुतावरून मात्र स्वर्ग गाठता येतो. "विचारेल कशाला?" ऑलिंडा म्हणाली. "पाठ असेल मेल्याला."

तीन दिवस तिने पोटात ठेवलं. चौथ्या दिवशी बेबीच आरशातून म्हणाली, "ऑली, तुझा हात आज जड का लागतोय? काय लपवतेयस?"

"काही नाही, बेबीजी."

"ऑली."

मग तिने सांगितलं. मोजा, ग्रेसी, पम्मी, सगळं. सांगताना तिला वाईट वाटत होतं हे खरं, पण जरासं बरंही वाटत होतं, हेही तितकंच खरं. आपण बांधलेला अंदाज बरोबर निघाला की माणसाला बरं वाटतंच, मग त्याचा फास कोणाच्या का गळ्यात असेना.

बेबी ओरडली नाही की रडली नाही. एवढंच म्हणाली, "नीरदला बोलाव. तू पडद्यामागे थांब. मला एकटीला ऐकायचं नाही."

लाहिरीदा आले ते हसतच. बेबीने सरळ विचारलं, "तुझ्या खिशात बाईचा मोजा असतो म्हणे. कोणासाठी आणतोस?"

पडद्याच्या फटीतून ऑलिंडाला त्यांचा चेहरा दिसत होता. हसू पुसलं गेलं. असा पांढराफटक पडलेला माणूस तिने कधी पाहिला नव्हता.

"कोणी सांगितलं तुला?"

"म्हणजे आहे."

"बेबी, तुला वाटतंय तसं काही नाही."

"मग कसं आहे ते सांग."

"एवढं एक विचारू नकोस," ते म्हणाले. "पाया पडतो तुझ्या. चित्र पुरं होऊ दे, लग्न होऊ दे. मग ती वस्तू जन्मात माझ्या हातात दिसणार नाही. शपथ घेतो."

"अम्मीची शप्पथ, असलं निर्लज्ज बोलणं मी पडद्यावरसुद्धा ऐकलं नाही," बेबी म्हणाली. "लग्नापर्यंत तिला ठेवणार आणि मग सोडणार? चालता हो."

ते खरंच चालते झाले. बाजू मांडली नाही, भांडले नाहीत. ऑलिंडा पडद्यामागे मान डोलावत होती. चोर सापडला की असाच मुकाट जातो, बहरीनवालाही एक शब्द बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बेबीने निर्माते गुलाटींना निरोप धाडला, लाहिरी तरी राहील नाहीतर मी. गुलाटींनी कपाळाला हात लावला. चित्र तीन चतुर्थांश झालेलं, आता कॅमेरामन बदलायचा? पण अलकनंदाशिवाय चित्र कसलं! सूद नावाचा एक तरुण, हुशार कॅमेरामन आला. भराभर काम करायचा. बेबीचे क्लोजअपही वीस मिनिटांत. "बघा," ऑलिंडा म्हणाली, "एवढंच तर काम असतं! तो मेला तास तास काय करत होता कोण जाणे." बेबीच्या गोळ्या दोनाच्या चार झाल्या होत्या.

आठवड्याने गुलाटी मेकअपच्या खोलीत आले. बसले, उठले, पुन्हा बसले. "बेबीजी, जरा रशेस बघता?"

आता बेबीचा एक नेम होता. दिवसभर काढलेलं काम दुसऱ्या दिवशी छोट्या खोलीत पडद्यावर लावून बघतात, त्याला रशेस म्हणतात, ते तिने उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते. लहानपणी अम्मीने घातलेली बंदी, नजर लागते म्हणून. चित्र पुरं झालं की थेटरात बघायचं, आधी नाही. "मी बघत नाही, ठाऊक आहे तुम्हाला," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. पण आता हातच्या कांकणाला आरसा दाखवायची वेळ आली आहे. माझ्या तोंडून मला सांगवत नाही."

खोलीत चौघंच होती. गुलाटी, सूद, बेबी आणि तिच्या मागच्या खुर्चीवर ऑलिंडा. दिवा मालवला. साधाच प्रसंग होता, नवऱ्याचं पत्र हातात घेऊन नायिका दारातून आत येते आणि खुर्चीवर बसून ते वाचते. दारातून येणं लाहिरीदांनी मागच्या महिन्यात घेतलेलं, खुर्चीवरचं बसणं सूदने परवा. अलकनंदा दारातून आत आली. काय रूप होतं! चंदनाच्या मूर्तीसारखा चेहरा, त्यावर मऊ उजेड. मग ती खुर्चीवर बसली.

दारातून खुर्चीपर्यंत चार पावलं. त्या चार पावलांत ती दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. डोळ्यांखालच्या पिशव्या, ओठांच्या कडेच्या रेघा, गळ्याची सैल कातडी, गोळ्यांनी आलेली सूज, सगळं भिंतीएवढं मोठं होऊन समोर उभं राहिलं.

"परत लावा," बेबी म्हणाली. परत लावलं. ती पुन्हा तिसाची आत आली आणि चाळिशीची खाली बसली.

सूद बिचारा घामाघूम. "माझं काही चुकलेलं नाही हो, बेबीजी. मी दिवे त्यांचेच ठेवले. लाहिरीदा तुमच्या क्लोजअपला लेन्सच्या मागे मोजा ताणून लावायचे. बायकांचा, काळा रेशमी. चेहरा मऊ येतो. आम्हा कॅमेरावाल्यांत कुजबुज होती, पण कसला मोजा, किती ताणायचा, ते त्यांनी कोणाला बघू दिलं नाही. सांगायचे, ही गोष्ट बाहेर फुटली तर लोक तिला म्हातारी ठरवतील. त्या पम्मीला असलं काही लागत नाही ना, म्हणून तिचं लवकर उरकायचं."

ऑलिंडाला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. माप विचारत नव्हता! विचारणार कसा? आपल्या नाकाला आग लागो. नऊ वर्षं जो माणूस रोज एका बाईचं वय पदराआड लपवत होता, त्याला तिने चोर ठरवलं होतं आणि वर मानही डोलावली होती.

त्याच दुपारी ती टॅक्सी करून दादरला लाहिरीदांकडे गेली आणि दारातच रडायला लागली. "मला मारा, लाहिरीदा, पण चला. त्यांना सगळं कळलं."

"कसं कळलं?"

"रशेस पाहिले."

त्यांनी दोन्ही हातांत तोंड धरलं. "त्यापेक्षा मी बाई ठेवली असंच तिला वाटत राहिलं असतं तर बरं होतं," ते म्हणाले. मग उठून चपला शोधायला लागले. "मी येतोच. तुम्ही पुढे जा, तिला एकटी ठेवू नका. आणि सांगा, मी तिला त्या मोज्याच्या जाळीतून कधीच पाहिलं नाही. जाळी कॅमेऱ्याला होती. मी बाजूला उभा राहून उघड्या डोळ्यांनी बघत होतो, आणि मला ती तशीच हवी होती. सांगाल ना?"

ऑलिंडा धावतच परतली. बेबी आरशासमोर बसली होती, तोंड धुऊन, रंगाचा ठिपकाही नाही. ऑलिंडाने शब्दन् शब्द सांगितला आणि शेवटी म्हणाली, "येतायत ते. उठा, बेबीजी, देव पावला!"

"गेटवर सांगून ठेव, आत सोडू नका म्हणून."

"अहो, पण दुसरी बाई नव्हतीच!"

"असती तर किती बरं झालं असतं, ऑली. तिच्या झिंज्या उपटल्या असत्या, रडले असते, त्याला परत ओढून आणलं असतं. ते मला येतं. दहा चित्रांत केलंय." ती आरशात बघत राहिली. "सगळ्या हिंदुस्थानने मला जाळीतून पाहिलं. एकाच माणसाने उघडी पाहिली, आणि हिला झाकायला हवं हे ठरवलंही त्यानेच. कलिम्पाँगला रोज सकाळी तो माझ्याकडे बघणार, आणि मी बघणार की तो काय बघतोय. नाही जमणार मला. चित्रासाठी त्याला बोलावू दे गुलाटींना, त्याच्याशिवाय ते पुरं व्हायचं नाही. लग्न नाही."

"म्हणजे तुमच्यासाठी लपवलं हाच त्यांचा गुन्हा?" ऑलिंडाला रडू आवरेना. "मग मी काय वेगळं करते? दर रविवारी दार लावून तुमचे पांढरे केस काळे करतेय सात वर्षं. माझ्यावर नाही तुमचा राग. मला नाही हाकलत."

बेबीने तिच्याकडे वळून पाहिलं. रागाने नव्हे, जरा कीव आल्यासारखं.

"तुझ्याशी कुठे लग्न करायचं होतं मला," ती म्हणाली.