न ऐकलेला चुचाक

"म्बाह, कानात बोळे घातलेत का? एवढा गळा फाडून ओरडतोय तो!" बू लास्त्री दरीकडे हात करून म्हणाली.

"मला नाही ऐकू आला," म्हातारा सुरिप शांतपणे उत्तरला. आमच्याकडे म्हाताऱ्यांना म्बाह, म्हणजे आजोबा, म्हणतात आणि थोर बायकांना बू.

आमच्या गावातील आम्ही काही माणसे दरमहा एका सकाळी डोंगरावर जाऊन पक्ष्यांची मोजणी करीत असू. पगार कोणासही नव्हता. लास्त्री कॉफीची टपरी चालवी, मी सायकली दुरुस्त करी, आणि सुरिपने तर उमेदीच्या काळात याच दरीतील पक्षी धरून बाजारात विकले होते. नियम एकच होता: हजर असलेल्या प्रत्येकाने ऐकला, तरच पक्षी नोंदवावयाचा. चुचाक हा गोड गळ्याचा मोठा बुलबुल आमच्या दरीतून नाहीसा होऊन वर्षे लोटली होती. आज तो परतला होता, आणि सर्वांत तीक्ष्ण कानाचा मनुष्यच नाही म्हणत होता!

उतरताना लास्त्री माझ्या कानाशी लागली. "पार्जो, हा एकटाच धरणार बघ. एका चुचाकाच्या किमतीत मोटारसायकल येते. नोंद झाली की पहारा बसेल, म्हणून थेरडा बहिरा झालाय."

"काहीतरीच काय, बू!" असे मी म्हणालो खरा, परंतु संशयाने माझ्याही अंतःकरणात घर केले.

सुरिपचा स्वतःचा एक चुचाक होता, गाण्याची स्पर्धा जिंकलेला. त्याचा पिंजरा रोज सकाळी उंच बांबूवर चढत असे. अलीकडे तो पिंजरा दिवसभर ओसरीत कापडाखाली झाकलेला दिसे.

"म्बाह, तुमचा पठ्ठ्या गात नाही हल्ली?" मी विचारले.

"पिसं झडतायत त्याची. तू आपली पंक्चरं काढ."

त्यातच तो बाजारातून पिकलेल्या पपया नेऊ लागला. पाळीव पक्ष्याच्या आवाजाने रानातला जवळ बोलवावा, पपई ठेवावी आणि फांदीस फणसाचा चीक फासावा, ही पक्षी धरणाऱ्यांची रीत आमच्याकडे कोणास ठाऊक नाही? एके सकाळी मी त्याच्या मागोमाग दरीत गेलो.

त्याच्या हाती पिंजरा नव्हता. चीकही नव्हता. त्याने तळहातावर पपईची फोड ठेवून शीळ घातली, तोच एक चुचाक उतरून त्याच्या मनगटावर बसला. पक्ष्याच्या पायात स्पर्धेचे कडे होते.

"पुढे ये, पार्जो. तिथे मुंग्या आहेत," सुरिप मागे न वळता म्हणाला.

"हा तर तुमचाच, म्बाह!"

"सोडला त्याला. पण रानात पोट भरायचं कुठे कळतंय लाडोबाला? म्हणून ही पपई."

"मग सगळ्यांना सांगायचं ना! लास्त्री तुम्हाला चोर म्हणते."

"म्हणू दे. हातावर उतरणारा पक्षी आहे असं सांगितलं, तर उद्या निम्मा गाव चीक घेऊन इथे हजर. आणि हो म्हणालो असतो, तर पाळलेला पक्षी रानातला म्हणून नोंदला गेला असता." त्याने समोरच्या उताराकडे कान केला. "हा रोज साद घालतो. एखादा उरला असेल, तर उत्तर देईल. सगळेच काही मी धरले नसतील रे."

ऊन चढेपर्यंत आम्ही दोघे उभे होतो. उत्तर आले नाही.

ईद झाल्यावर थोड्याच दिवसांत सुरिप वारला. त्यानंतरच्या मोजणीस आम्ही पुन्हा त्याच कड्यावर उभे राहिलो. समोरच्या झाडावरून चुचाक स्वच्छ आवाजात गाऊ लागला.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" लास्त्री हरखून म्हणाली. "आता नाही म्हणायला म्हातारा नाही. लिहा! पार्जो, बोल की!"

गाणे थांबले. मी पलीकडच्या उताराकडे कान करून थोडा वेळ वाट पाहिली.

"मला नाही ऐकू आला," मी म्हणालो.

लास्त्री माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे टक लावून पाहत होती. पिशवीतून पिकलेल्या पपईचा वास सुटला होता.