रिकाम्या पारड्याचं वजन

माझ्या बहिणीच्या घराखाली तिच्या नवऱ्याची लाँड्री आहे. तिथं एरवी चार गिऱ्हाइकं आली तरी गर्दी म्हणायची. त्या दुपारी मात्र दारातून जिन्यापर्यंत रांग लागली होती आणि वरून उतरणारी माणसं डोळे पुसत होती. मी आठ दिवस परगावी होतो आणि वर माझी नऊ दिवसांची भाची होती.

"कोण गेलं?" मी इस्त्रीवाल्याला विचारलं.

"गेलं काय म्हणताय, आलंय!" तो इस्त्री उभी करून म्हणाला. "तुमची भाची रडत नाही, दूध मागत नाही, सदा ध्यानात असते. आणि दूध न पिता वजन वाढतंय तिचं! मौनबाबा आत्ता तोलणार आहेत. पळा वर."

मी वजनकाटे दुरुस्त करतो. किराणावाल्यापासून भंगारवाल्यापर्यंत सगळ्यांचे काटे माझ्या हाताखालून गेलेत, त्यामुळे माणसांवर माझा विश्वास बेताचाच आहे. दूध न पिता वजन वाढतं हे ऐकून मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

वर खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पलंग भिंतीला उभा करून बाबांसाठी कोच मध्ये आणला होता. माझी बहीण, नऊ दिवसांची बाळंतीण, कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. मौनबाबांचं हे नाव कोणी ठेवलं कोण जाणे, कारण माणूस श्वास घ्यायलासुद्धा नाइलाजानं थांबत होता.

"इतर बाळं का रडतात? हाव! दर दोन तासांनी दूध, दर दोन तासांनी दूध! या कन्येनं चौथ्या दिवशीच हाव सोडली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, बस्स! उठवू नका तिला. उठवाल तर पापाचे धनी व्हाल. ती मौनात उतरली आहे. चेहऱ्यावरचं तेज पाहा, सोनं सोनं!"

भाचीचा चेहरा खरोखरच पिवळा दिसत होता. लोक हात जोडत होते.

"पहिल्या दिवसापासून गुणाची आहे हो," बहिणीच्या सासूबाई मला म्हणाल्या. "जन्मली आणि दिवसभर झोपली. मी चार जणींना सांगितलं, ते बाबांच्या कानावर गेलं. चौथ्या दिवशी स्वतः पायी चालत आले! दुपटंसुद्धा ओलं करत नाही पोर. केवढी शुचिता!"

मी वाट काढत बहिणीजवळ गेलो. ती खाली बघूनच बोलली.

"दादा, दूध दाटून छाती दगड झालीय. चोरून अंगावर घेते तर दोन घोट पिऊन मान टाकते. बाबा गालाला बोट लावायचे, ती तोंड वळवायची. म्हणायचे, बघा, गुरूला ओळखलं. आज तोंडही वळवत नाही."

"मग बाबा काय म्हणतात?"

"म्हणतात, आणखी खोल गेली."

तेवढ्यात काटा आणला गेला. गोल तबकडीचा, वर पारडं, पारड्यावर पिवळी मखमली गादी. बाबांनी बजावलं की पारडं कधी रिकामं ठेवायचं नाही, अशुभ असतं. भाचीला गादीवर ठेवलं. जन्माचं वजन होतं दोन किलो नऊशे. काटा तीन किलो पन्नासवर जाऊन थांबला. खोलीत जयजयकार झाला. ती दचकलीसुद्धा नाही.

मी मात्र काट्याकडे बघत राहिलो, कारण तो मी ओळखला. कडेचा सोल्डरिंगचा डाग माझ्याच हातचा होता. दोन महिन्यांपूर्वी बाबांचा एक चेला हाच काटा घेऊन दुकानात आला होता. म्हणाला, "झीरोचा स्क्रू फार घट्ट आहे, बोटानं फिरेल असा सैल करून द्या." मी करून दिला. कशाला, असं विचारलं नाही. गिऱ्हाइकाला नसत्या चौकशा करू नयेत, हे माझं धंद्यातलं शहाणपण.

मी पुढे होऊन भाचीला उचललं. तीन किलोचं माप माझ्या हाताला रोजचं आहे. हे तीन किलो नव्हते. तिला बहिणीच्या हातात दिलं आणि शंभर ग्रॅमची ती मखमली गादी काढून जमिनीवर टाकली.

पारडं रिकामं होतं. काटा सहाशे ग्रॅमवर उभा होता.

"बघा," मी म्हणालो. "वर काही नाही, तरी सहाशे ग्रॅम. खालचा स्क्रू रोज थोडा फिरवायचा, की वजन रोज थोडं वाढतं. गादी त्यासाठीच होती, रिकामा काटा कोणाला दिसू नये म्हणून."

बाबा क्षणभर नावाला जागले. मग म्हणाले, "मूर्खा! ते तिचं तेज आहे. ती उठली तरी तेज पारड्यावर राहिलं!"

खोटं कशाला सांगू, दोघातिघांनी त्या रिकाम्या पारड्यालाही नमस्कार केला. मी स्क्रू फिरवला आणि काटा शून्यावर आणला. तेज गेलं. भाचीला पुन्हा ठेवलं. दोन किलो साडेतीनशे.

सासूबाई दारात आडव्या आल्या, "बाबांचा शब्द मोडू नका." माझे मेहुणे इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी गाडीची किल्ली काढली आणि आईला म्हणाले, "आई, बाजूला हो. अख्ख्या वस्तीचे कपडे आपण धुतो आणि घरात चार दिवसांत एक दुपटं धुवायला निघालं नाही. मला कळायला हवं होतं."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी भाचीला आत नेलं. सलाईन लावलं, निळ्या दिव्याखाली ठेवलं. बाहेर आल्या त्या संतापलेल्या होत्या.

"पण ती किती शांत होती हो," सासूबाई पुटपुटल्या.

"शांत नव्हती, आजी. रडायलाही ताकद लागते, ती उरली नव्हती. तान्हं बाळ सोळा-सतरा तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांनी. पोटच एवढंसं, म्हणून दर दोन-तीन तासांनी पितं. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा, कधी तासातासालाही. त्याला हाव नाही म्हणत. पहिल्या दिवशी जास्त झोपतं, पण पुढं त्याला भुकेनं जाग यायला हवी, आणि येत नसेल तर आपण जागं करायचं."

"आणि तोंड वळवायची ते?" बहिणीनं विचारलं.

"गालाला काहीही लागलं की भुकेलं बाळ तोंड वळवतं. गुरूचं बोट असो की चमचा. ती तुमच्याकडे दूध मागत होती. पोटात दूध नाही म्हणून शी-शू नाही, म्हणून कावीळ चढत गेली. तेच तुमचं तेज."

बहीण भिंतीकडे तोंड करून रडली. तिच्या पदराला दुधाचे डाग पडले होते. घरात दूध वाहत होतं आणि पोर उपाशी होती, हे मी कधी विसरणार नाही.

भाची अकरा दिवसांनी घरी आली. आता दर दोन तासांनी घर डोक्यावर घेते. मौनबाबा काटा उघडा पडला त्याच संध्याकाळी निघून गेले. दुसऱ्या वस्तीत त्यांचं बरं चाललंय असं ऐकतो. आमच्या गल्लीत काही जण अजून म्हणतात की मामाची नजर लागली.

तिसऱ्या महिन्यात कानांची तपासणी झाली. मेंदूपर्यंत चढलेली कावीळ कधीकधी कान घेऊन जाते. भाचीला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. बाबा म्हणाले होते, ही मौनात उतरली आहे. त्यांचं तेवढं एकच बोलणं खरं झालं, आणि त्यात माझ्या हाताचाही वाटा आहे.

म्हणून सांगतो. बाळ रडतंय म्हणून चिडू नका, ते जगतंय. तीन तास उलटले तर उठवून पाजा. पाच दिवसांच्या पुढे दिवसाला सहा दुपटी ओली होत नसतील किंवा उठवूनही बाळ उठत नसेल, तर कुणालाही न विचारता दवाखाना गाठा. आणि कोणी चमत्कार तोलून दाखवायला लागला, तर लाजू नका. आधी पारडं रिकामं करायला सांगा.